बांधलेला स्विच

मुकादमाने टेपची गुंडाळी तिच्यापुढे टाकली. "स्क्रॅपरचा स्विच दाबून बांधून टाक. बोट दाबत बसलीस तर फरशीवरचा गोंद निघणार कधी?"

तिने नुकतीच मशीनमधली धूळ झाडून, मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलून नवा स्विच बसवला होता. आता बोट उचललं की पातं जागच्या जागी थांबायचं. मागच्या आठवड्यात स्विच असाच बांधलेला होता. मशीन हातातून निसटलं, पण थांबलं नाही. पातं सोबत काम करणाऱ्या हौसाक्काच्या पावलात घुसलं.

"मी नाही बांधणार."

"मग आण इकडे, मी बांधतो!"

तिने शांतपणे दोन स्क्रू सोडवले, पातं काढून फडक्यात गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि मशीन त्याच्या हातात दिलं.

"बांधा खुशाल. गोंद मात्र नखांनी खरवडा."