सुकलूचा ठोसा

तो ठोसा दिव्यानीचा होता, आणि तो तिच्याच हनुवटीवर बसला.

रेफरी आकडे मोजू लागले. रिंगमध्ये गुडघ्यांवर बसलेल्या दिव्यानीला दुखणं जाणवतच नव्हतं. समोरच्या पोरीने डावा पाय लटपटल्यासारखा केला होता, पार खाली गेली होती आणि उठता उठता उजवा हात खालून वर आणला होता. हा डाव कोणताच कोच शिकवत नाही. दिव्यानीने तो एका जपानी कार्टूनमधून उचलला होता. ते तिच्या बाबांच्या जन्माआधीचं. रेघा ओबडधोबड, रंग विटलेले. पण त्यातला कोळशाच्या वखारीतला अनाथ पोरगा मार खाऊन पुन्हा उभा राहिला, की राजुऱ्याच्या घरात ती श्वास रोखून बसायची. सगळे भाग तिने चारदा पाहिले होते. तो डाव आरशासमोर घोटून घोटून पक्का केला होता. आज चंद्रपूरच्या विभागीय स्पर्धेत तो काढायचाच, असं ठरवून ती आली होती.

ती उठली, लढली, पण गुणांवर हरली. तिचे कोच गोपाल सर पाठ थोपटत काहीतरी म्हणाले. तिला ते ऐकूच आलं नाही. डाव करतानाचा आपला व्हिडिओ तिने मोबाईलवरून नेटवर टाकला होता. या पोरीने तो पाहून चोरी केली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

ती पोरगी म्हणजे बुधरी. भामरागडकडच्या आश्रमशाळेची. हॉलमागच्या नळापाशी बसून ती हातावरची पट्टी सोडत होती.

"माहा व्हिडिओ पाहून शिकली ना तू?" दिव्यानी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कोणता व्हिडिओ? आमच्या गावात टावर नाई."

"मंग हा डाव कुठून आणला?"

बुधरी ताडकन उठली. तिने दिव्यानीचं मनगटच धरलं. "तुले वळखू आला? सुकलूचा ठोसा तुले वळखू आला?"

"कोण सुकलू?"

बुधरी भडाभडा सांगत सुटली. तीन वर्षांमागे पावसाळ्यात नदी चढली, रस्ता बंद झाला आणि चिमूरच्या नर्स, स्वाती सिस्टर, त्यांच्या गावात वीस दिवस अडकल्या. संध्याकाळी त्या पोरांना एक गोष्ट सांगायच्या, ठोसे मारून जगणाऱ्या एका पोराची. त्याचं परदेशी नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो सुकलू झाला. त्याचे ठोसे सिस्टर धानाच्या पोत्यावर मारून दाखवायच्या. आधी पोरंच यायची. मग बाया आल्या, म्हातारे आले. सुकलूला मार बसला की अख्खं गाव ओरडायचं. शेवटची एक लढत तेवढी सांगायची राहिली होती. ती सांगायच्या दिवशी सकाळीच पाणी उतरलं आणि सिस्टरना न्यायला नाव आली. पुढे त्यांची बदली झाली.

दिव्यानीने मोबाईल काढला आणि कार्टूनमधल्या त्या पोराचं चित्र तिच्यासमोर धरलं. "हाच ना तुमचा सुकलू?"

बुधरीने ते निरखून पाहिलं. मग मान हलवली. "हा नाई. सुकलू सावळा हाये."

दिव्यानीने मोबाईल खाली घेतला.

"मले बॉक्सिंगचा शौक नाई," बुधरी म्हणाली. "मीच मास्तरले म्हणली, मले खेळायले न्या. तालुक्याले हा ठोसा मारला, गडचिरोलीले मारला. कोणालेच वळखू नाई आला. ज्याले वळखू येईन, त्याले शेवट इचारायचा होता. सांग ना, सुकलूचं काय झालं?"

दिव्यानीचा राग कुठल्या कुठे गेला. शेवटचा भाग तिला तोंडपाठ होता. चारही वेळा ती रडली होती, आणि चारही वेळा डोळे पुसून जेवायला बसली होती. खोटं सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण बुधरीने मनगट सोडलं नव्हतं.

"जिंकला," ती म्हणाली. "पण घरी नाई पोचला. वाटेतच गेला."

बुधरीचा हात सुटला. ती खाली बसली. रडली मात्र नाही. जवळचं माणूस गेल्याची बातमी कळावी तशा आवाजात तिने विचारलं, "वाटेत कोणी होतं का त्याच्याजवळ?"

"नाई."

"मंग आता दगड उभा करा लागंल," बुधरी म्हणाली. "आमच्यात माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभारतात. सुकलूचा कोणीच उभारला नाई. तीन वर्सं झाली, सारं गाव त्याची वाट पाहून राह्यलं."