केरसुणीला विचारलेला प्रश्न

“कुणालाही न विचारता तुम्ही केरसुणी चालवलीत,” संचालक पेंचेव म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद स्नेझिनापुढे सरकवला. “एवढंच लिहायचं. खाली सही.”

केरसुणी हा एक प्रोग्राम होता. ध्वनिसंग्रहालयाच्या संगणकांवर साचणारा कचरा पुसायला तिथल्या संगणक विभागातल्या लाचेझारने तो फार वर्षांपूर्वी लिहिला होता. खिडक्या, बटणं असले लाड त्यात नव्हते. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं, पुढे दोन आडव्या रेघा देऊन काय राखायचं ते सांगायचं, की उरलेलं तो झाडून टाके. काहीच सांगितलं नाही, तर काहीच राखायचं नाही, असा त्याचा साधासरळ समज होता.

स्नेझिना नवीन होती, अजून प्रोबेशनवर. आदल्या दिवशी तिला साफसफाई करायला सांगितलं गेलं. अनोळखी प्रोग्रामशी ओळख करून घ्यायची जगभरची जी रीत आहे, ती तिने पाळली. नावापुढे दोन रेघा देऊन ‘हेल्प’ असं लिहिलं. यावर कुठलाही घरंदाज प्रोग्राम काम बाजूला ठेवतो आणि आपण काय करतो, आपल्याला काय काय सांगता येतं, ते मुकाट्याने छापून दाखवतो. केरसुणीला तो शब्द कुणी शिकवलेलाच नव्हता. न कळलेला शब्द तिने सोडून दिला, राखायचं काही दिसत नाही असं पाहिलं आणि कामाला लागली. बल्गेरियातल्या रोडोपीच्या डोंगरातल्या बायकांची गाणी, लग्नातली, कापणीची, मयतावरची, सगळी तिने झाडून टाकली. मूळ फिती तळघरातल्या बुरशीने केव्हाच खाल्ल्या होत्या. सुदैवाने एक प्रत वेगळ्या डिस्कवर, संचालकांच्या कपाटात कुलपाआड होती.

“विचारलं होतं,” स्नेझिना म्हणाली. “तिलाच विचारलं होतं.”

लाचेझार शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. टरफलं तो स्नेझिनाच्या कपात थुंकत होता. कपात अजून कॉफी होती. त्याचं म्हणणं असं की ज्याला केरसुणी वापरता येते त्याला मदत लागत नाही, आणि ज्याला मदत लागते त्याने ती वापरू नये. इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नव्हती. हे मात्र खरं होतं. ज्याला अडे तो लाचेझारकडेच येई, आणि येताना घरी गाळलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणी. केरसुणीच बोलू लागली असती, तर बाटली कुणी आणली असती?

संचालकांना यातलं काही कळत नव्हतं. पण सही कुणाची घ्यायची, हे त्यांना नोकरीला लागल्यापासून कळत होतं. वरून लेखी खुलासा मागवला होता. स्नेझिनाने तो दिला, तर आजच तिची नोकरी जाणार होती आणि सर्व्हिस बुकात असा शेरा पडणार होता की पुढे कुठल्याच सरकारी दारात तिला उभं करणार नव्हते. घरी दोन पोरं आणि बिनकामाचा नवरा होता. तिने पेन उचललं नाही. विचारलं तर हा प्रोग्राम सांगत नाही, हेही कागदात येऊ द्या, मग सही करते, असं ती म्हणाली.

“अहो, मग सांगायला लावतो की तिला,” लाचेझार म्हणाला. “तेवढंच बाईंचं रडगाणं बंद.”

संचालकांना हा न्याय पसंत पडला. कपाटातली डिस्क काढून संगणकाला जोडली गेली आणि गाणी परत उतरवून घेतली जाऊ लागली. तोवर लाचेझारने कीबोर्डवरची टरफलं फुंकली आणि केरसुणीला बोलायला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने दोघांना पडद्यापाशी बोलावलं, नावापुढे दोन रेघा दिल्या, ‘हेल्प’ लिहिलं आणि जोरात बटण दाबलं.

पडदा भरून मजकूर आला. डावीकडे एकाखाली एक पर्याय, उजवीकडे प्रत्येकाचा अर्थ, ओळीला ओळ लागलेली. सगळ्यात खाली चांदण्यांच्या चौकटीत लाचेझारचं नाव. संचालकांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

“छान आहे रे लाचो. माझ्यासारख्यालासुद्धा समजतंय.”

स्नेझिना मजकूर वाचत नव्हती. ती डिस्कवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होती.

“माहिती सांगून झाली की थांब,” तिने सावकाश विचारलं, “असं तिला सांगितलंय ना?”

लाचेझारचं तोंड चावता चावता थांबलं. बोलायचं तेवढं त्याने शिकवलं होतं. केरसुणीने आपली माहिती नीट सांगितली होती आणि मग, राखायचं काही दिसत नाही असं पाहून, ती कामाला लागली होती. जोडलेली प्रत्येक डिस्क ती झाडत असे. तसं मदतीच्या तिसऱ्या ओळीत स्पष्ट छापलंही होतं. त्याने वायर उपटली तेव्हा दिवा आधीच विझलेला होता; गाण्यांची शेवटची प्रतही झाडून झाली होती.

लाचेझारने तोंडातलं टरफल कपात टाकलं. संचालकांनी चष्मा उतरवला, पुसला, घडी करून खिशात ठेवला. मग तो कोरा कागद त्यांनी पुन्हा स्नेझिनापुढे नीट सरळ करून ठेवला.

“बाई, दोन्ही वेळचं एकत्रच लिहा.”

“दुसऱ्या वेळी मी हातसुद्धा लावला नव्हता.”

“हाताचं राहू द्या हो,” संचालक अगदी मायेने म्हणाले. “विचारायला सुरुवात कुणी केली?”