संध्याकाळपर्यंतचा थकवा

नर्सने एक पट्टी नलिनीच्या कानामागे चिकटवली आणि दुसरी तिच्या नवऱ्याच्या, दिनकरच्या.

"संध्याकाळपर्यंत यांचा थकवा तुम्हाला येईल," ती त्याला म्हणाली.

नलिनीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, होऊन अकरा वर्षं झाली होती. ती हातातलं काम टाकून आडवी झाली की दिनकर म्हणायचा, "दमतो तर मीही." पण भाचीच्या साखरपुड्याला तिला जाता यावं म्हणून तो तयार झाला.

साखरपुड्यात नलिनी चार तास उभी होती. तिने पंगतीत वाढलं, ती हॉलचे दोन जिने चढली.

ती घरी आली तेव्हा दिनकर बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसला होता. दुपारी अंघोळीला निघाला होता तो. टॉवेल अजून हातातच होता.

"रोज असंच असतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते."

त्याचा विश्वास बसावा, एवढंच तिला इतकी वर्षं हवं होतं. आता विश्वास बसला होता आणि तिला काहीच वाटत नव्हतं. तिने त्याच्या कानामागची पट्टी काढली. तिचे पाय जड झाले, तशी ती त्याच्याशेजारी खाली बसली.

दिनकरला आता उठता आलं असतं. तो उठला नाही.