कोपऱ्यातलं नाव

डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन मॅमोग्राम शेजारी शेजारी लावले आणि डावीकडच्या पांढऱ्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "ही गाठ दहा वर्षांपूर्वीही इथेच होती, एवढीच होती. वाढलेली नाही, म्हणजे साधी आहे. आता वर्षभराने या."

मी सुटकेचा श्वास सोडून नवऱ्याकडे पाहिलं. हे जुन्या फोटोकडेच टक लावून बसले होते, कपाळावर घाम होता. मग मीही नीट पाहिलं. कोपऱ्यात नाव होतं, वासंती मनोहर खटावकर. माझंच. पण दहा वर्षांपूर्वी माझं लग्नच झालं नव्हतं, आणि मॅमोग्राम मी आयुष्यात पहिल्यांदा काढला होता.

लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने माझं नवं नाव म्हणून आपल्या वारलेल्या पहिल्या बायकोचंच नाव लिहिलं होतं. "घराला त्याच नावाची सवय आहे गं," सासूबाई म्हणाल्या. मीही वाद घातला नाही. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर ते आधीच कोरलेलं होतं.

ह्यांनी माझा हात धरला. "चल. साधी आहे म्हणतायत ना."

मी हात सोडवून घेतला. "डॉक्टर, जुना फोटो माझा नाही. ह्यांच्या पहिल्या बायकोचा आहे. ती याच गाठीने गेली."

"पण नाव तर तुमचंच आहे."

"नाव तिचंच आहे," मी म्हणाले. "माझं कुमुद. तेच लिहा, आणि मला पहिल्यापासून तपासा."