टीप कोणाच्या खिशात

"टीप कशाची? जेवणाचं बिल दिलं ना!" शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सुटे पैसे खिशात टाकले. "याले पगार मालक देते. आपण काहून द्याची?"

बिल घेऊन उभा असलेला वेटर खाली बघत राहिला. पन्नाशीचा असेल. धरमपेठेतल्या त्या रेस्टॉरंटमधली दुपारची गर्दी ओसरत आली होती.

सुशीलला राहवलं नाही. "काका, त्यांनी मागितली नाही. पण तुमचा रस्सा दोनदा गरम करून आणला ना त्यांनी?"

"मंग? कामच करून राहिला ना तो!" म्हणत गृहस्थ निघून गेले.

सुशीलने बिलासोबत टीप ठेवली आणि वेटरला नाव विचारलं.

"रुपराव, साहेब." इथे नाव कोणी विचारत नसे. ते सांगताना तो जरा अडखळलाच.

त्यानंतर सुशील अधूनमधून दुपारी येऊ लागला. बसायचा रुपरावच्याच टेबलावर. रुपराव सावनेरचा, त्याची लेक करिष्मा नर्सिंग शिकत होती. ती पास झाली तेव्हा सुशील संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला.

रुपरावने डबा दोन्ही हातांनी घेतला. "गिऱ्हाइकानं माह्या पोरीसाठी काही आणलं, असं कधी झालं नाही जी."

"लेक पास झाली, रुपरावभाऊ. तोंड गोड नको करायला?"

त्या दिवशी हॉल जवळजवळ रिकामा होता. जेवण झाल्यावर सुशीलने विचारलं, "एक सांगा. मी ठेवतो ती टीप तुमच्या हातात येते ना?"

रुपरावने काउंटरकडे पाहिलं. मग टेबल पुसत पुसत हळूच म्हणाला, "सारी डब्यात जाते, साहेब. निम्मी मालक ठेवते. फुटतूट भरून काढाले म्हणते."

"आणि तुम्ही सगळे गप्प?"

"एक जण बोलला होता. त्याले दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. बाकीच्यायले घरदार आहे. कुठं जातीन?"

"म्हणजे स्वतःहून कोणीच सोडून गेलं नाही?"

"नाही जी. सुरुवातीले खूप कुरकुरले. मंग सवय झाली."

सुशीलने वळून काउंटरकडे पाहिलं. टेबलावरून फिरणारा रुपरावचा हात थांबला.

रुपराव घाबरला. "मालकाले सांगू नका, साहेब. माही नोकरी जाईन."

"तुमचं नाव कुठेच येणार नाही. शब्द देतो."

रुपराव त्याला दारापर्यंत सोडायला आला. इतके दिवस जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते आज बोलून टाकलं होतं. कोणीतरी ऐकून घेतलं, एवढ्यानंच त्याला मोकळं वाटत होतं. सुशीलची गाडी वळेपर्यंत तो उन्हात उभा राहिला.

सुशील थेट शहराच्या टोकाला, बेसाला आला. तिथल्या नव्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळची तयारी चालली होती. तो आत शिरताच मॅनेजर अनंत काउंटरमागून उठला. "या मालक."

"उद्यापासून वेटर लोकांची टीप डब्यात जमा करायची," सुशील म्हणाला. "निम्मी आपली."

"मालक, पोरं सोडून जातील."

"नाही जात. मी नीट विचारून आलोय."