सी म्हणजे कोणता

“सी उडव. डीला हात लावू नकोस. झालं! त्यात एवढं बघत बसण्यासारखं काय आहे?” मुलगा सुनेच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला.

कारखान्यातला कॉम्प्युटर सकाळपासून सुरूच होत नव्हता, आणि आता सून पेनड्राइव्ह लावून त्याच्यात नवी सिस्टिम घालायला बसली होती.

शेजारच्या बाकावर म्हातारा अर्धा शिवलेला बूट घेऊन बसला होता, पण त्याची सुई मघापासून एकाच भोकात अडकली होती. वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांसाठी तो बूट बनवायचा. दुकानातला बूट ज्यांच्या पायात जात नाही, अशी माणसं त्याच्याकडे यायची. त्यांच्या पावलांची एकोणीस वर्षांची मापं कॉम्प्युटरच्या या डब्यात होती. आतल्या डिस्कचे दोन भाग, सी म्हणजे कॉम्प्युटरचं आणि डी म्हणजे आपलं, एवढं त्याला पाठ होतं. जुन्या वह्या मुलानेच मोठ्या उत्साहाने रद्दीत घातल्या होत्या.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या.

“हा बघ सी. समोरच तर आहे,” मुलाने बोट ठेवलं.

“दोन्ही भाग सारख्याच आकाराचे आहेत,” सून म्हणाली. “अगदी निम्मे निम्मे.”

“म्हणून तर अक्षर बघायचं! अक्षरं कशाला दिलीत मग?”

“अक्षर डिस्कवर कोरलेलं नसतं रे. जी सिस्टिम चालू असेल, ती आपल्या मनाने वाटते. आत्ता जुनी बंद आहे. मी पेनड्राइव्हवरून चालू केली ती नवखी. घरात आल्या आल्या पहिल्या दिसलेल्या भागाला ती सी म्हणून मोकळी झाली असेल.”

“तू म्हणजे ना, ताकही फुंकून पितेस. दे इकडे, मी करतो.” उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याचा हात कीबोर्डपर्यंत पोचलाही होता.

सुनेने तो मनगटाला धरून बाजूला केला. मग तिने एक छोटीशी ओळ टाइप केली. उडवण्याची नव्हे, सीच्या आत काय आहे ते दाखवण्याची.

पडद्यावर नावं सरसर वर सरकू लागली. म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. काठीवाले आजोबा, डावा. काठीवाले आजोबा, उजवा. पोस्टमन. बुटकी नर्स. नाचाच्या बाई. सगळी त्यानेच एका बोटाने टाइप केलेली. माणसांची खरी नावं त्याच्या कधी लक्षात राहिली नाहीत, पाय मात्र राहिले.

मुलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. “हे... हे तर डीमध्ये होतं.”

“जिथे होतं तिथेच आहे. अक्षर तेवढं बदललंय.”

ती एवढंच म्हणाली. नवऱ्याला टोमणा मारायची अशी आयती संधी वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची, पण तिने ती तशीच सोडून दिली. तिने दुसरा पेनड्राइव्ह लावला. “आधी याची प्रत काढते, मग बाकीचं. आणि बाबा, या भागालाच ‘पावलं’ असं नाव देऊन ठेवते. ते त्याच्या अंगावरच राहतं. उद्या कोणी याला काहीही म्हणो.”

म्हातारा मान हलवत राहिला. भिंतीवरच्या फळीवर त्याचे लाकडी साचे ओळीने ठेवले होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. झाडलोट करताना चिठ्ठ्या सुटायच्या, इकडच्या तिकडे व्हायच्या. त्याने कधी चिठ्ठी वाचून साचा उचलला नाही. अंगठा फिरवायचा, चवड्यावरचा उंचवटा चाचपायचा, मग घ्यायचा. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, बूट करायच्या आधी त्याचा पाय नव्याने मोजायचा. मुलगा यावर हसायचा. “लिहून ठेवलंय ना? मग परत परत कशाला?” पोटच्या पोराला आपल्या हाताखाली बारा वर्षं काढून जे पटलं नाही, ते या पोरीला कोणी शिकवलं, कोण जाणे. तिने तर आजवर कातड्याचा तुकडाही कापला नव्हता. आपल्याच घरात, आपल्याच धंद्याचं माणूस वावरत होतं, आणि आपण तिला नुसती कॉम्प्युटरवाली समजत होतो!

प्रत निघत होती. तेवढ्यात दाराशी काठी वाजली. काठीवाले आजोबा आत आले, खुर्चीत टेकले आणि धापा टाकत म्हणाले, “नवा जोड हवाय. जुन्याचा तळ गेला.”

म्हाताऱ्याने गळ्यातली माप घेण्याची पट्टी काढली. मुलाने सवयीने हात पुढे केला. पट्टी त्या हाताला वळसा घालून सुनेच्या मांडीवर जाऊन पडली.

“मी?” ती म्हणाली.

“तूच.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. “माझं माप तर आहे ना तुमच्याकडे?”

“आहे ना, आजोबा,” सून म्हणाली आणि खाली बसून तिने त्यांचा पाय हातात घेतला.