आषाढातला हिरवा उजेड

"आजा, एकदा घालून तरी बघ," हेमाली तिसऱ्यांदा म्हणाली.

दादूने स्वेटर उलटासुलटा करून पाहिला आणि घडी घालून परत तिच्या मांडीवर ठेवला. समुद्रकाठच्या नवापुरात घराच्या ओट्यावर दुपारचं ऊन मी म्हणत होतं, आणि नात निघाली होती आजाला लोकरीत गुंडाळायला! पण हेमालीचा हट्ट काही आजचा नव्हता. पाच वर्षांची असताना तिने आजाला शब्द दिला होता, मोठी झाले की तुला पुन्हा तो हिरवा उजेड बघायला नेईन. आता ती बोईसरच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला होती. आजा, आजी आणि ती, तिघांचे पासपोर्ट कपाटात येऊन पडले होते.

तो हिरवा उजेड अख्ख्या कोळीवाड्याला तोंडपाठ होता. लग्नाआधी दादू परदेशी बोटीवर गेला होता, पार नॉर्वेपर्यंत. "आषाढ होता," तो सांगायचा. "हितं बोटी किनाऱ्यावर चढवलेल्या, दर्याला नारळ पडायचा होता. आन तिकडं आभाळ पेटला. हिरवा जाळा कुनी झटकावा तसा." इथे तो थांबायचा. मग बोंबील निवडता निवडता हिराआजी पुढचं सांगायची: कडेला जांभळी झालर, आणि आवाज म्हणाल तर काडीचा नाही. कुणी फार खोदून विचारायला लागलं की आजीच त्याला दटावायची, "मानसाला घास तरी गिळू दे रे!"

हेमालीचं लहानपण त्या उजेडात गेलं. संध्याकाळी वीज गेली की ती आजाच्या कुशीत शिरायची आणि म्हणायची, आभाळ पेटव. आजा पेटवायचा. इतकी श्रीमंती पुन्हा कधी तिच्या वाट्याला आली नाही.

जायचं ठरलं ते आषाढातच. आजाने तेव्हाच पाहिला होता, शिवाय त्या दिवसांत मासेमारी बंद, बोटीची काळजी नाही. हेमालीने रजाही टाकली. जी गोष्ट आजाच्या तोंडून शंभरदा ऐकली, ती इंटरनेटला काय विचारायची?

बोईसरला सहलींच्या ऑफिसात तिची शाळेतली मैत्रीण दीपिका बसायची.

"जूनच्या शेवटी?" दीपिका हसली. "वेडी का काय तू? जून-जुलैत तिथं सूर्यच मावळत नाही. रात्रच नाही तर नॉर्दर्न लाइट्स दिसणार कुठून? सप्टेंबर ते मार्च, तेव्हा जायचं."

"पण माझ्या आजानं आषाढात पाहिलाय."

दीपिकाने कीबोर्डवरचे हात उचलले. स्क्रीन तिच्याकडे वळवली.

हेमाली परत आली तेव्हा दादू किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. ती शेजारी वाळूत बसली.

"आजा, आषाढात तिकडं रात नसते."

दादूच्या हातातली सुई थांबली.

"बोट भेटलीच नाय मना," तो म्हणाला. "मुंबईत एजंटानं परत पाठवला. तुझ्या आजीच्या बापाला बोटीवरचाच जावई पायजे होता. घरी कुठल्या तोंडानं येऊ? दोन मयने बोयसरला कारखान्यात गोनी वायली. खोलीत एक म्हातारा खलाशी होता, त्यानं बगितलेला तो उजेड. कवा बगितला, ते इचारायचा राहून गेला."

"इथून इतक्या जवळ, आणि कुणी ओळखलं नाय?"

"तोंडाला फडका बांदायचो ना." त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "पोरी, त्या गोष्टीवर हिरानं माझ्यासंग लगीन केला. पंचेचाळीस वर्सं ती ही गोष्ट आभिमानानं सांगते. तिला कळला तर ती माझ्याकडं कशी बगंल?"

हेमालीला राग यायला हवा होता. पण सत्तरीच्या माणसाला असं बायकोच्या नजरेला भिताना पाहून तिला भडभडून आलं. तिने त्याचा खरखरीत हात घट्ट धरला. "तिला नाय कळणार. सहलच रद्द करते."

घरात आजी प्रवासासाठी सुके बोंबील निवडून डब्यात भरत होती.

"आजी, आपण नको जाऊया. आजाचे गुडघे दुखतात, थंडी सोसायची नाय."

"गुडग्यांना काय धाड भरलीय? जायचा. आषाढातच जायचा."

"आषाढात तिकडं काय दिसत नाय आजी!" हेमालीच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली.

आजीने मानसुद्धा वर केली नाही. एक बोंबील उजेडात धरून पाहिला, डब्यात ठेवला.

"म्हायत हाय. शेजारच्या रत्नाबाईच्या मोबाईलवर बगितला मी. म्हनून तर थंडीतली तिकिटा नको काढू. आषाढात नाय दिसला तर म्हनू, यंदा आभाळ रुसला. खरा उजेड समोर आला आन म्हातारा आ वासून बगत रायला, तर समद्यांना कळंल की त्यानं तो पयल्यांदाच बगितला. मंग बिचाऱ्यानं तोंड कुठं लपवायचा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कोन पायजे?" आजीने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "त्या आषाढात तो फडका बांदून बोयसरला गोनी वायचा, त्याच कारखान्याच्या दारासमोर मी सुकी मासळी इकायला बसायची. दोन मयने पदर तोंडावर ओढून बसली, त्याला मी दिसू नये म्हनून."